कॉलेजच्या अंकासाठी बारा फोटो

प्रश्न : मी पुण्यात एका कॉलेजात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. यंदाच्या वार्षिक अंकात ‘कॉलेज, रोजचं’ अशी बारा फोटोंची पानं माझ्याकडे दिली आहेत. घरात जुना कॅनन डीएसएलआर आहे, सोबत १८-५५ची किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८. जूनपासून चौदाशे फोटो काढले. निम्म्यांत माणसं पाठमोरी, उरलेल्यांत मुलं दोन बोटं दाखवून उभी. कॅन्टीनमधले फोटो पिवळे, काहींवर आडवे पट्टे. गेल्या आठवड्यात दोन मुलींनी “आमचा फोटो का काढलास?” म्हणून चांगलंच सुनावलं आणि गेटवरच्या वॉचमनकाकांनी कॅमेरा बॅगेत ठेवायला लावला. आता तो बाहेर काढायचीच भीती वाटते. माझं काय चुकतंय? — एक वाचक

उत्तर :

पाठमोरी माणसं, दोन बोटं आणि त्या मुलींचा राग, या तिन्हींचं मूळ एकच दिसतं. तू स्वतःच्या कॉलेजात परक्या माणसासारखे फोटो काढते आहेस. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत झटकन फोटो काढून पुढे निघून जाता येतं, कारण त्या माणसाशी पुन्हा गाठ पडायची नसते. कॉलेजात ज्याचा फोटो काढलास तो उद्या प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावर असतो. कॅमेरा कमरेशी धरून न बघताच बटण दाबा, दुसरीकडे बघत असल्यासारखं दाखवा, हे यूट्यूबवरचे धडे इथे अंगाशी येतात. कॅमेरा लपवणारी मुलगी चार दिवसांत सगळ्यांच्या लक्षात येते आणि एकदा संशय बसला की तो सेमिस्टरभर जात नाही. तुझी खरी जमेची बाजू म्हणजे तू तिथलीच आहेस, तुला रोज तिथेच यायचं आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलं आहे, अगदी लेन्ससुद्धा.

तुझा अंदाज असा दिसतो की ५० एमएमची लेन्स भारी, म्हणून तीच लावायची. ती चांगलीच आहे, पण तुझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा आहे आणि त्यावर ५० एमएमची लेन्स फुल फ्रेमवरच्या (म्हणजे मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावरच्या) ८० एमएमसारखी बघते. कॅमेरा आडवा धरून पाच मीटरवरून बघितलंस तर चौकटीत सव्वादोन मीटर रुंदी आणि जेमतेम दीड मीटर उंची येते. उभा माणूस पुरता घ्यायचा तर सहा-साडेसहा मीटर मागं सरकावं लागतं. तेवढ्या अंतरात कॉरिडॉरमध्ये चार जण मधून जातात, आणि सहा मीटरवरून कुणाशी बोलता येत नाही. समोरच्याला फक्त एवढंच दिसतं की लांबून कुणीतरी आपल्यावर लेन्स रोखली आहे. त्या दोन मुलींना नेमकं हेच दिसलं असणार.

किट लेन्स लाव आणि झूम २४वर ठेव. झूमच्या रिंगवर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटव म्हणजे ती आपोआप फिरणार नाही. २४वर दोन मीटर अंतरावरून एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच एवढं येतं : बाकावर बसलेले दोघं, त्यांचे हात, मधली वही. तीन मीटरवरून पावणेतीन मीटर रुंद आणि जवळपास एक मीटर पंच्याऐंशी उंच : उभे तिघं-चौघं आणि मागचा फलकही. दोन-तीन मीटर म्हणजे साध्या आवाजात बोलायचं अंतर. कॉलेजातले बहुतेक चांगले फोटो याच अंतरातून निघतात. अठरावर जायचा मोह होईल, विशेषतः वर्गात, पण तिथे कडेचा माणूस ताणला जातो, त्याचं डोकं आणि खांदा रुंद दिसतो. फोनमधल्या ०.५ लेन्सचं तेच होतं. अठरा वापरायचीच असेल तर कडेला भिंत, खिडकी, बाक येऊ दे आणि चेहरे मधल्या भागात ठेव.

आता फोकस. चालत्या माणसावर ऑटोफोकस बसेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो, कारण साध्या चालीनेही तो सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास पुढे सरकतो. म्हणून दिवसाउजेडी एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान) ठेव, तीन मीटरवरच्या एखाद्या खांबावर फोकस घे आणि लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर टाक. २४ एमएम आणि एफ ८ला फोकस तीन मीटरवर असला की साधारण एक मीटर सत्तर सेंटिमीटरपासून पुढे तेरा-चौदा मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग बटण दाबलं की फोटो लगेच निघतो. एक खबरदारी घे : कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही लेन्सचा फोकस हलतो, तेव्हा दर वेळी चालू केल्यावर तपास. तीन मीटर म्हणजे किती, हे अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात. तुझ्या कॉरिडॉरमधल्या फरशा मोज. दोन फुटी फरशी असेल तर पाच फरशा म्हणजे तीन मीटर.

शटर मोकळ्या हवेत सेकंदाच्या १/२५०पेक्षा मंद नको. जिन्यावरून पळत उतरणाऱ्यांना १/५०० लागतं, गप्पा मारत बसलेल्यांना १/१२५ पुरतं. सध्या पावसाळी ढग आहेत, तर आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ४०० ते ८०० धर. ऑक्टोबरात कडक ऊन पडलं की आयएसओ २००, एफ ८, १/८०० एवढ्यावर भागतं. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओ असेल आणि किमान शटर ठरवता येत असेल तर १/२५० ठरवून टाक आणि आकड्यांचा विचार सोड. आयएसओ १६००ला दाणे दिसतील म्हणून घाबरू नकोस. अंकाच्या कागदावर ते दिसत नाहीत. हललेला चेहरा मात्र दिसतो.

पाठमोऱ्या फोटोंचं कारण यातच आहे. काहीतरी छान दिसलं की तू कॅमेरा उचलतेस, तोवर माणूस तुला ओलांडून गेलेला असतो. क्रम उलटा कर. आधी जागा निवड, तिथली पार्श्वभूमी आणि उजेड बघ, चौकट ठरव आणि उभी राहा. माणसं तुझ्याकडे यायला हवीत. जिन्याचा खालचा पायरीपट्टा, गेटवर आयकार्ड दाखवायची जागा, नोटीसबोर्ड, कॅन्टीनचं टोकन काउंटर, या जागांवर माणसं समोरून येतात आणि क्षणभर थांबतात. तीनच जागा घे आणि प्रत्येकीला सलग सहा दिवस, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं दे. पहिले दोन दिवस सगळे तुझ्याकडे बघतील. तिसऱ्या दिवशी विचारतील. चौथ्या दिवसापासून तू तिथल्या खांबासारखी होशील आणि फोटो तेव्हा सुरू होतील. चौदाशे फोटो सगळ्या कॉलेजभर विखुरण्यापेक्षा तीन जागांचे तीनशे जास्त कामाचे.

वेळांचं थोडं सांगतो. साडेसातचं लेक्चर असेल तर पावणेआठच्या आत गेटवर सगळ्यात जास्त घडामोड असते : स्कार्फ आणि सनकोटात गुंडाळलेल्या मुली गाडी स्टँडवर लावतात, मग स्कार्फ सोडून केस नीट करतात. पुण्याच्या कॉलेजचं इतकं अस्सल दृश्य दुसरं नाही आणि अंकांत ते फारसं दिसत नाही. पण हा खासगीपणाच्या काठावरचा क्षण आहे, तेव्हा आधी विचारूनच. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेआठपर्यंत ऊन तिरपं आणि मऊ असतं. बारा ते तीन या वेळेत उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. त्या वेळी पोर्च, व्हरांडा, झाडाची सावली यांच्या कडेवर काम कर. माणूस सावलीत, पण उजेडाच्या बाजूला तोंड करून.

विषय शोधत फिरू नकोस, कॉलेजचं वर्षच ते पुरवतं. वेळापत्रक लागलं की नोटीसबोर्डासमोर वीस हात फोन वर धरून फोटो काढत असतात. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानासमोरची रांग, रात्री जागून पूर्ण केलेली जर्नल्स, जिन्यावर बसून उतरवलेली ग्राफ, सही घ्यायला स्टाफरूमच्या दाराशी घुटमळणारी मुलं. डिफॉल्टर लिस्टमध्ये (हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत) नाव शोधणारे चेहरे, मात्र ती यादी वाचता येईल असा फोटो छापू नकोस, त्यात नावं असतात. ऑफिसच्या खिडकीवर स्कॉलरशिपचा अर्ज आणि उत्पन्नाच्या दाखल्याची फाइल घेऊन आलेले पालक. गावाहून पहाटेच्या एसटीने आलेला मुलगा लेक्चरआधी कट्ट्यावर डबा उघडतो. एनसीसीच्या परेडआधी बूट पॉलिश. आणि सध्याचे दिवस एकांकिकांचे आहेत. ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे, आणि पुण्यातल्या अनेक कॉलेजांत ऑगस्ट-सप्टेंबरच्या संध्याकाळी एखाद्या वर्गात बाकं कडेला सारून तालमी चाललेल्या असतात. दिग्दर्शकाला विचार, भिंतीला टेकून बस, नाटक सलग चालू असताना शटरचा आवाज करू नकोस, प्रॉम्प्टिंग आणि चहाच्या वेळात काढ. सादरीकरण होईपर्यंत एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नकोस, नेपथ्य आणि शेवट उघड होतो.

तालमीचा वर्ग आणि कॅन्टीन, दोन्हीकडे पट्ट्यांची तक्रार येणार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या ट्यूबलाइटी आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. तू एफ १.८ लावून शटर १/५०० किंवा वर नेलंस की शटरची फट सेन्सरवरून सरकत असताना दिवा एकदा तेज, एकदा मंद असतो. त्याचेच आडवे पट्टे पडतात. उपाय सोपा आहे : तिथे शटर १/१०० ठेव. हालचाल थोडी पुसट होईल, ते चालतं. अगदी स्थिर माणसाला १/५०सुद्धा चालेल, पण हात भिंतीला किंवा टेबलाला टेकव. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू कर. इथेच तुझी ५० एमएम कामाला येते : एफ २, १/१००, आयएसओ ८०० ते १६००. तिचा फोकस डोळ्यावर घे, कारण एफ २ला दोन मीटरवर स्पष्ट पट्टा चार-पाच इंचांचाच असतो, मॅन्युअलवर अंदाजाने जमायचं नाही. फोनवर काढताना पट्टे दिसले तर प्रो मोडमध्ये १/१०० किंवा १/५०.

पिवळेपणा दोन दिव्यांच्या भांडणातून येतो. खिडकीतून दिवसाचा निळसर उजेड, वर पिवळी किंवा हिरवट ट्यूब. दोन्ही एकाच चेहऱ्यावर असले तर नंतर कितीही दुरुस्त केलं तरी एक गाल निळा राहतो. चहाचा ग्लास हातात असलेल्याला खिडकीजवळच्या टेबलावर बसव, किंवा सरळ तिथे बसलेल्याचाच फोटो काढ. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढ म्हणजे रंगाचं तापमान नंतर ठरवता येतं, ट्यूबखाली साधारण ४००० केल्विनपासून सुरुवात कर. ३२ जीबीच्या कार्डात तुझ्या कॅमेऱ्याचे हजारेक रॉ फोटो मावतात, जागेची काळजी नको.

आणखी एक, पोर्चमधल्या फोटोंबद्दल. मागं लख्ख अंगण असलं की कॅमेऱ्याचं मीटर अंगण सांभाळतं आणि आपल्या सावळ्या चेहऱ्यांना काळंठिक्कर करतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा ते ठरवणारी सोय) अधिक एकवर ने, मागचं आकाश पांढरं झालं तर होऊ दे. चेहरा वाचता आला पाहिजे. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धर, एक्स्पोजर लॉक होतं, मग थोडं वर सरकव. ब्यूटी मोड बंद कर, तो चालू नसल्याची खात्री रोज कर, कारण काही फोन तो आपणहून चालू ठेवतात. वर्गातल्या मुलीचा रंग दोन छटा उजळवून छापणं हा तिचा अपमान आहे. आम्हाला ही गोष्ट तांत्रिक वाटत नाही.

दोन बोटं दाखवणाऱ्यांवर चिडू नकोस. कॅमेरा दिसला की पोझ द्यायची ही सवय आहे, आणि ती मोडायचा एकच मार्ग म्हणजे पोझचा फोटो आधी काढून देणं. दोन फोटो काढ, मागच्या स्क्रीनवर दाखव, मग कॅमेरा छातीशी खाली घे आणि तिथेच बस. निघून जाऊ नकोस. त्यांच्या गप्पा पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. कुणीतरी वडापावचे पैसे मागतो, कुणी हसून मान मागं टाकते, तो तिसरा फोटो तुझा. कॅमेरा फोटो काढत नसतानाही गळ्यात असू दे. बॅगेतून बाहेर येणारा कॅमेरा प्रत्येक वेळी घटना होते, गळ्यातल्या कॅमेऱ्याची चार दिवसांत सवय होते.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचं नाव तू ऐकलं असशील, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे नेहरूंचे फोटो सर्वांना माहीत आहेत, पण तुझ्या कामाचे फोटो वेगळे आहेत. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना १९३०च्या दशकात त्यांनी आपल्याबरोबरच्या विद्यार्थिनींचे फोटो काढले. वर्गमैत्रीण रेहाना मोगल त्यांच्या कित्येक फोटोंत दिसते. ते शोधून बघ. त्या मुली कॅमेऱ्याला बुजलेल्या नाहीत, कारण कॅमेऱ्यामागं त्यांच्यातलीच एक उभी होती. तीच जागा तुला आयती मिळाली आहे.

आता त्या दोन मुली. उद्या त्यांना भेट, एकटी जा, कॅमेरा न घेता. फोटो कुठे-कुठे आहे ते खरं सांग आणि त्यांच्यासमोर पुसून टाक : कार्डावरून, लॅपटॉपवरून, फोनवरून. गूगल फोटोजला बॅकअप होत असेल तर बिनमधूनही काढ, नाहीतर बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस पडून राहतो. स्पष्टीकरण देत बसू नकोस. “फोटो छान आला होता” हेही म्हणू नकोस. कुणी नाही म्हटलं की तिथे बोलणं संपतं, ‘का नाही’ हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही.

इथून पुढे विचारायची पद्धत ठरवून घे. दुरून दिसणारी गर्दी, जिथे कुणी एक ओळखू येत नाही, तिला प्रत्येकी विचारणं शक्य नसतं. जिथे चेहरा ओळखू येतो तिथे विचार, शक्यतो आधी. आधी विचारलं तर क्षण जाणार असेल तर काढल्यावर लगेच पुढे जाऊन दाखव. संमती दोन वेगवेगळ्या आहेत हे ध्यानात ठेव : काढायला आणि छापायला. “अंकात येईल, चालेल?” आणि “कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर टाकतील, चालेल?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पुष्कळ मुली पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणतात, त्यामागं घरची कारणं असतात. अर्ध्या पानाची चिठ्ठी छापून घे : नाव, वर्ग, फोटो क्रमांक, फक्त अंक की ऑनलाइनही, तारीख, सही. बारा फोटोंसाठी तीस-चाळीस चिठ्ठ्या पुरतील.

एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. तुमच्याकडे अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज त्याच आवारात असेल तर जिन्यावरची निम्मी मुलं अठराच्या आतली असू शकतात. त्यांची सही पुरत नाही, पालकांची लागते. आयकार्डाचा पट्टा वेगळ्या रंगाचा असेल तर तो ओळखायला शिक.

हॉस्टेल, लेडीज रूम, स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, मेडिकल रूम, परीक्षेचा हॉल : इथे कॅमेरा नाही, कुणी हो म्हटलं तरी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांचं चित्रण हा गुन्हा मानतं, आणि तिने काढायला संमती दिली पण पसरवायला दिली नसेल तर पसरवणं हाही गुन्हा ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. तू असलं काही करणार नाहीस हे आम्हाला माहीत आहे. पण पुस्तकं घेऊन जिना चढणाऱ्या मुलीचा खालून काढलेला निरागस फोटोही घरी मोठ्या पडद्यावर भलतंच दाखवू शकतो. जिन्यावर नेहमी वरून किंवा समपातळीवरून काढ आणि घरी तपासताना असा एखादा सापडला तर लगेच पुसून टाक.

वॉचमनकाकांचं काही चुकलं नाही. आवारात कोण कशाचे फोटो काढतंय याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांच्या हातात कागद दे. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही : नाव, वर्ग, रोल नंबर, अंकासाठी बारा फोटो हे कारण, कॅमेरा आणि लेन्स कोणती, कोणत्या जागा, कोणत्या तारखांपासून कोणत्या तारखांपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि वर सांगितलेल्या ठिकाणी फोटो काढणार नाही हे वाक्य. अंकाच्या संपादक मॅडमची शिफारस आणि सही आधी घे, मग प्राचार्यांकडे जा. शिक्का मारलेल्या प्रतीच्या तीन झेरॉक्स काढ : एक आयकार्डामागं, एक गेटवर काकांकडे, एक ग्रंथपालांकडे. लायब्ररीत परवानगी असली तरी फ्लॅश नको.

काकांचा फोटोही तुझ्या बारांत असावा असं आम्हाला वाटतं, आणि शिपाईमामांचा, सकाळी सहाला वर्ग झाडणाऱ्या मावशींचा, लॅबमध्ये बाटल्या धुणाऱ्या सहायकांचा. पण इथे विचारणं जास्त जबाबदारीचं आहे. विद्यार्थिनी नाही म्हणू शकते. कंत्राटावर काम करणाऱ्या मावशींना वाटतं की ऑफिसने सांगितलंय, नाही कसं म्हणायचं. म्हणून पहिल्या दिवशी कॅमेरा न नेता बोल : “मावशी, मी सेकंड इयरची. कॉलेजच्या अंकासाठी फोटो काढतेय. तुमचं काम चालू असताना एखाद-दोन काढू का? नको असेल तर काढणार नाही, कुणाला काही सांगायचंही नाही.” उत्तर दुसऱ्या दिवशी घे. कित्येकींना झाडू हातात असलेला फोटो नको असतो, चांगली साडी नेसून, केस विंचरून हवा असतो. तसा काढ. दोन्ही काढ आणि कोणता छापायचा ते त्यांना विचार. त्यांच्या उंचीवर ये. त्या वाकून काम करत असतील तर तूही बस, उभ्याने खाली बघून काढलेल्या फोटोत माणूस लहान होतो. आणि प्रिंट दे. चार बाय सहाची प्रिंट स्वस्त असते, आठवड्याच्या आत हातात पडली पाहिजे. ती दिली की पुढच्या वेळी मावशीच तुला सांगतील की शनिवारी टाकी धुतात, तेव्हा ये.

पावसाचं थोडक्यात. कॅमेऱ्यावर कॅरीबॅग चढव, लेन्सचं तोंड तेवढं उघडं ठेव. एसीच्या कॉम्प्युटर लॅबमधून बाहेर आल्यावर काचेवर वाफ धरते, ती पुसू नकोस. पंधरा मिनिटं बॅग बंद ठेव, कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होऊ दे. रात्री लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. कपाटात कापडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सला दोन पावसाळ्यांत बुरशी लागते.

निवड हे निम्मं काम आहे. आज काढलेला फोटो आज निवडू नकोस, तो काढताना झालेला आनंद त्यात मिसळलेला असतो. आठवडा जाऊ दे. तुझ्या चौदाशेंतून आधी हललेले, पाठमोरे आणि संमती नसलेले काढ. दीडशेच्या आसपास उरतील. त्यांच्या छोट्या प्रिंट काढून जमिनीवर मांड. स्क्रीनवर एकेक बघताना कळत नाही, पण जमिनीवर लगेच दिसतं की कॅन्टीनचे नऊ फोटो एकसारखे आहेत आणि लायब्ररीचा एकही नाही. बारांत तीन तरी असे हवेत ज्यांत जागा कळते, दोन-तीन असे ज्यांत नुसते हात किंवा वस्तू आहेत (शाईने माखलेली बोटं, बाकावर कोरलेली नावं, सायकलच्या कॅरिअरला बांधलेला टी-स्क्वेअर), बाकी माणसं काहीतरी करताना. कॅमेऱ्याकडे बघणारा एखादाच, पण तो ठाम.

अंकाचं आतलं पान साध्या कागदावर कृष्णधवल छापणार असतील तर हे आत्ताच विचार. तशा कागदावर शाई पसरते आणि मधल्या छटा गडद होतात, म्हणून सावल्या स्क्रीनवर थोड्या जास्त उजळ वाटतील इतक्या उचल. पूर्ण ए-फोर पानाला ३०० डीपीआयने २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. तुझ्या कॅमेऱ्यातून ते मिळतात, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास की मिळत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा पेनड्राइव्हवर दे. छापण्याआधी एका पानाचं प्रूफ मागून घे.

फोटोखालच्या ओळींसाठी नाव, पूर्ण, त्या व्यक्तीकडून लिहून घेतलेलं. प्राचार्यांचं नाव असतं आणि शिपायांखाली ‘एक निष्ठावान सेवक’ असं असतं, हे पुष्कळ अंकांत दिसतं. तुझ्या पानावर काकांचं नाव, आडनाव आणि ते त्या गेटवर किती वर्षं आहेत हे येऊ दे, अर्थात त्यांना चालणार असेल तर. आडनावाचं ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या आयकार्डावरून तपास.

सोमवारी अर्ज दे. मंजुरी येईपर्यंत कॅमेरा घरीच राहू दे आणि त्या दिवसांत तीन जागा ठरवून तिथे रिकाम्या हाताने वीस-वीस मिनिटं उभी राहा, उजेड कुठून येतो आणि माणसं कुठे थांबतात ते वहीत लिही. त्या दोन मुलींकडे मात्र सोमवारची वाट न बघता जा.